लेसोहून येणारी पेटी

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बोडिलकडे लेसो बेटावरून एक पेटी यायची. पेटी आली की त्या दिवशी बाई कुणाशी धड बोलायची नाही. पेटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायची, कॉफी करायची, एक चिरूट ओढायची आणि मगच दोरीची गाठ सोडायला बसायची. गाठ कितीही चिवट असो, दोरी कापायची नाही. खणात अशा पंचवीस-सव्वीस दोऱ्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या. कुणी विचारलंच तर म्हणायची, "दोरी काय फुकट येते?"

मोठ्या पेटीत लाकडाचा भुसा, भुशात सिगारची पेटी, आणि तिच्या आत टाचण्यांवर टोचलेले तीस-चाळीस पतंग. पतंग म्हटलं की दिव्यावर झेपावणारे डोळ्यांसमोर येतात, हे तसले नव्हेत. तांदळाच्या कणीएवढे, सुकल्या गवताच्या रंगाचे. शिंक आली तर तोंड फिरवायचं, नाहीतर सगळं संग्रहालय गालिच्यावर. आम्ही पतंग जमवणारे त्यांना पिशवीवाले म्हणतो. अळी लहान असताना रेशमाचा धागा आणि झाडाचे तुकडे घेऊन स्वतःपुरती पिशवी शिवते आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडते. गंमत अशी की पिशवीत असतात तोवर प्रत्येकाची जात वेगळी कळते. कुणाची पिशवी सरळ, कुणाची वाकडी, कुणी लव्हाळ्याच्या बोंडावर, कुणी खाडीकाठच्या खारट गवतावर. पंख फुटले की सगळे सारखे, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. मग ओळखायचे तर पोट कापून पोटॅशच्या पाण्यात उकळायचं आणि आतले आकडे-काटे काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. दोन भावांमधला फरक कधी कधी तीन काट्यांचा असतो.

उत्तर युटलंडमध्ये हे काम करणारी एकटी बोडिल. पोटापाण्यासाठी ती फ्रेडरिक्सहाउनमधल्या एका दंतवैद्याकडे कवळ्या बनवायची. बासष्ट वर्षांची, अविवाहित, उंच, आणि जिभेला धार. गावोगावचे हौशी पतंगवाले तिला पेट्या पाठवायचे आणि उत्तराची वाट बघत घाबरून राहायचे. कारण उत्तर म्हणून आधी पोस्टकार्ड यायचं: "कोणत्या झाडावर सापडला? पिशवी कुठे आहे? पिशवी असेल तर माझा आणि पतंगाचा जीव का खाता? तुमचं तुम्ही ओळखा." ऑलबोर्गच्या पतंगवाल्यांच्या मंडळाचा वार्षिक अंक काढणारा क्रेस्टन म्हणायचा, "बोडिलबाईंकडे पतंग पाठवण्यापेक्षा त्यांच्या डॉक्टरकडून दाढ उपटून घेतलेली बरी."

एका माणसाला मात्र हे पोस्टकार्ड कधी गेलं नाही. तो म्हणजे लेसोवर डेअरीची दुधाची गाडी चालवणारा विगो.

दोघांची भेट एकदाच झाली होती, अठ्ठेचाळीस साली, ऑलबोर्गला मंडळाच्या वार्षिक सभेत. जेवणाच्या सुट्टीत विगो तिच्या शेजारी बसला. डबा उघडला, राय धान्याच्या काळ्या पावावर धुरावलेला ईल मासा होता, त्यातला अर्धा न विचारता तिच्या कागदावर ठेवला. मग तासभर तिच्याशी फक्त लव्हाळ्याबद्दल बोलला. बोडिल तेव्हा छत्तीस वर्षांची होती. तिला तो बोलताना मान खाली घालायची त्याची पद्धत आवडली, दुधाच्या कॅनने राठ झालेले हात आवडले, आणि सभा संपत आली तेव्हा तो काहीतरी विचारण्यासाठी घसा खाकरतोय हे तिला कळलं. तिने पर्स हातात घट्ट धरली. विगो म्हणाला, "मी तुम्हाला थोडे पिशवीवाले पाठवले तर चालतील का?"

"पाठवा," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून सव्वीस वर्षं पेटी येत होती. पेटीबरोबर पत्र: अमुक कुरणात संध्याकाळी जाळ्यात मिळाले, नग इतके, ओळखून द्यावेत. त्याखाली चार ओळी. समुद्र गोठला, बोट आठ दिवस बंद. छपरावर शाकारलेलं समुद्रातलं शेवाळ वाऱ्याने उडालं. पंधरवड्यात पतंग परत आणि सोबत तिचं उत्तर: नग एक, अमुक, नग दोन, तमुक, आणि खाली तिच्या चार ओळी. एकोणसाठ साली त्याची आई वारली तेव्हा त्याने लिहिलं, "घर मोठं वाटतं." या तीन शब्दांवर बोडिलने दहा दिवस काढले. किती कागद फाडले त्याला गणती नाही. शेवटी लिहिलं काय, तर "घर उबदार ठेवा." पत्र टपालपेटीत टाकलं आणि घरी येऊन आपलाच हात चावला.

फ्रेडरिक्सहाउनच्या धक्क्यावरून लेसोची बोट दीड तासात पोचते. उन्हाळ्यात शाळेची पोरंसुद्धा एका दिवसात जाऊन येतात. बोडिल कधी गेली नाही. त्याने बोलावलं नाही, आणि न बोलावता जाणाऱ्यातली ती नव्हती. रविवारी धक्क्यावर फिरायला मात्र जायची आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत उभी राहायची. तिला त्याची ओढ होती, सरळ सांगायचं तर. या वयात, त्या वयात, प्रत्येक वयात होती.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती बाईलाही माहीत होती. जाळ्यात पकडलेल्या पतंगाच्या पंखांची झालर थोडी तरी झिजलेली असते. विगोचे पतंग सव्वीस वर्षं कोरे करकरीत होते, एकाचीही झालर विस्कटलेली नाही. असे पतंग मिळतात ते अळी घरात पाळून, बरणीत पिशवीतून निघताक्षणी. आणि ज्याने पिशवी पाहिली त्याला जात विचारायला कुणाच्या दारात जावं लागत नाही. दुसऱ्या कुणाच्या पेटीत असला पतंग दिसता तर बोडिलने त्याला तासला असता. इथे ती म्हणायची, "हात फार हलका आहे हो या माणसाचा," आणि पुढचा विचार करायची नाही. एवढी हुशार बाई, पण या एका बाबतीत तिने अक्कल गहाण टाकली होती आणि ती सोडवायची तिला मुळीच घाई नव्हती.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिला आपण बनवलेल्या कवळीतले पुढचे दात वाकडे दिसायला लागले. दंतवैद्य म्हणाला दात सरळ आहेत. यरिंगचा डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग पडतोय, तो वाढत जाणार, त्याला औषध नाही. "पूर्ण आंधळ्या होणार नाही तुम्ही. कडेचं दिसत राहील. जिथे नजर रोखाल तेवढंच जाईल." बोडिलने विचारलं, "म्हणजे मला जे बघायचंय ते सोडून सगळं दिसेल?" डॉक्टर बिचारा काय बोलणार.

नोव्हेंबरात पेटी आली. एकतीस नग. बोडिलने पोटं कापली, उकळली, काचा केल्या. हातांना सवय होती, त्यांना डोळे लागले नाहीत. मग सूक्ष्मदर्शकावर वाकली, तर जिथे काटे मोजायचे तिथे करडा ठिपका. भिंग बदललं, दिवा बदलला, ठिपका आपल्या जागी.

खरं तर तेव्हाच लिहायला हवं होतं. पण लिहिलं असतं तर पुढच्या वर्षी पेटी कोपनहेगनच्या कुणा साहेबाकडे गेली असती, आणि चार ओळीही तिकडेच. बोडिलने पेन घेतलं आणि अंदाजाने नावं लिहिली. एकोणतीस नग साधे लव्हाळ्यावरचे. उरलेल्या दोन काचांवर डागाच्या कडेने तिला काहीतरी वेगळं दिसल्यासारखं वाटलं, की वाटावंसं वाटलं, देव जाणे. तिने तिथे दक्षिणेच्या खाडीकाठी मिळणाऱ्या जातीचं नाव लिहिलं. असा पिशवीवाला युटलंडच्या उत्तरेला कुणी पाहिलेला नव्हता. माणसाला दुर्मिळ काही मिळालं की तो पुढच्या वर्षी आणखी पाठवतो, हा तिचा हिशोब. टाचणीवरच्या चिठ्ठीत 'ओळखणार' या शब्दापुढे सही केली आणि त्या रात्री तिला झोप आली नाही.

आम्हा पतंगवाल्यांत एक आहे. माणूस बायकोशी खोटं बोलेल, पाद्र्याशी बोलेल, पतंगाखालच्या चिठ्ठीवर बोलणार नाही. पतंग उद्या धूळ होईल, चिठ्ठी राहते, आणि शंभर वर्षांनी कुणी परका माणूस तिच्यावर विश्वास ठेवणार असतो.

जानेवारीत ओळखलेल्या पतंगांची वर्षाची यादी मंडळाकडे जायची, ती सवयीने गेली. फेब्रुवारीच्या अखेरीस क्रेस्टनचा फोन आला.

"बोडिलबाई, बसला आहात ना? बसा. तुमचे ते लेसोचे दोन नग. जिल्ह्यात नवीन. पहिल्या पानावर घेतोय मी."

"पहिल्या पानावर कशाला," ती म्हणाली.

"मग काय शेवटच्या? अहो, दहा वर्षांत असं काही आलेलं नाही. शोधणारे विगो, ओळखणाऱ्या तुम्ही. मी त्यांनाही फोन केला."

"काय म्हणाले ते?"

"त्यांना कुठे बोलता येतं? बराच वेळ गप्प. मला वाटलं फोन बंद पडला. मग म्हणाले, बोडिलबाईंनी सांगितलंय ना, मग तोच असणार."

फोन ठेवल्यावर बोडिल तशीच उभी राहिली. अंक पंधरा दिवसांत छापायला जाणार होता. क्रेस्टनला चूक कळवायची तर डोळ्यांचं सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की पेटी संपली. पण आपलं खोटं विगोला दुसऱ्या कुणाकडून कळावं, हे तिला सहन होईना. शनिवारी सकाळी तिने चांगला कोट घातला आणि बोटीत बसली.

बंदरावरून ब्यूरम गावात येऊन तिने दुकानात विचारलं. शेवाळाच्या छपराचं बुटकं घर, विहिरीच्या पलीकडे. दार विगोनेच उघडलं. केस सगळे पांढरे झाले होते एवढं कळलं, चेहऱ्याच्या जागी धुकं होतं. हातांतून बटाट्यांचं पाणी गळत होतं.

त्याने तिला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पेटी पोस्टात फुटली की काय?"

"पेटी नोव्हेंबरातच आली हो. मी आलेय."

"हो. दिसतंय," विगो म्हणाला, आणि बाजूला व्हायचं त्याला सुचलं नाही. शेवटी तिनेच विचारलं, आत येऊ का.

त्याने कॉफी केली. पाव, लोणी, थंड उकडलेला मासा, जे घरात होतं ते सगळं टेबलावर मांडलं. बोडिलने कशाला हात लावला नाही. टेबलाच्या कडेकडे बघत ती एका दमात बोलली: डाग, डॉक्टर, अंदाजाने लिहिलेली नावं, ते दोन नग. "मला काहीही दिसलं नव्हतं. मी तुमच्या पतंगांखाली खोटी चिठ्ठी लावली. अंक छापला जाण्याआधी क्रेस्टनला सांगायचंय, पण आधी तुम्हाला सांगायचं होतं."

विगोने आपला कप पुढे ओढला. कॉफीत साखर घातली, ढवळली, पुन्हा साखर घातली. मग उठला आणि शेजारच्या खोलीतून एक सपाट खण दोन्ही हातांनी उचलून घेऊन आला.

खण तिच्यासमोर ठेवला. तिने मान तिरकी करून पाहिलं. ओळींनी टोचलेले पतंग, तिनेच परत पाठवलेले, पोट नसलेले. प्रत्येकाशेजारी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काहीतरी बारीक चिकटवलेलं होतं. ते काय हे समजायला तिला डोळे लागले नाहीत. पिशव्या होत्या.

"मला अक्षर लागत नाही. वाचा," ती म्हणाली.

"कशाला आता."

"तुमचे ते दोन नग घ्या आणि वाचा."

तो खाली बघत वाचू लागला. "लव्हाळा, ब्यूरमच्या पूर्वेचं कुरण. पिशवी, सप्टेंबर बाहत्तर. पतंग निघाला, बावीस जून त्र्याहत्तर." पुढे नाव होतं. साधा लव्हाळ्यावरचा, गावोगाव मिळणारा. दुसऱ्याचंही तेच.

"हे नाव कधी लिहिलंत?"

"जूनमध्ये."

"आणि पेटी नोव्हेंबरात पाठवलीत. ओळखून द्यावेत म्हणून."

"हो."

"बाकीचे?"

"सगळेच," विगो म्हणाला. "मागे सरपणाच्या खोपीत बरण्या असतात. आईच्या जुन्या मोज्यांनी तोंडं बांधतो. जाळं मी कधीच मोडून टाकलं."

बोडिलला हसू यायला हवं होतं, पण तिला राग आला. "नऊशे पतंगांची पोटं फाडली मी. हिवाळेच्या हिवाळे डोळे फोडले. पिशवी पाठवली असतीत तर एकाचंही फाडावं लागलं नसतं."

"पिशवी पाठवली असती तर तुमचं पोस्टकार्ड आलं असतं. तुमचं तुम्ही ओळखा म्हणून." त्याने सांडलेली साखर बोटाने गोळा केली. "सगळ्यांना येतं म्हणतात. मी दर वर्षी वाट बघायचो, या खेपेला येईल. तुम्ही माझ्याकडे पिशवी कधी मागितलीच नाहीत."

कॉफी गार झाली. बाहेर कुणाची तरी गाडी जाऊन आवाज लांब गेला.

"क्रेस्टनला का सांगितलंत मग, तोच असणार म्हणून? तुम्हाला ठाऊक होतं की नाही?"

"ठाऊक होतं."

"चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात एक खोटी चिठ्ठी लावली नसेल तुम्ही."

"तिच्याखाली तुमचं नाव होतं," विगो म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि खण सरळ करत बसला, जो मुळात सरळच होता.

फोन दरवाजाजवळ भिंतीवर होता. आकडे तिला दिसेनात म्हणून विगोने फिरवून दिला. बोडिलने क्रेस्टनला सांगितलं की ते दोन नग काढून टाका, चूक माझी आहे, माझे डोळे गेलेत, एकोणतीस नगांचंही माझ्या नावाने काही छापू नका, आणि यापुढे कुणाच्या पेट्या माझ्याकडे पाठवू नका. क्रेस्टनला नेहमी काहीतरी मिश्कील बोलायला सुचायचं, त्याला तेव्हा सुचलं नाही. तो फक्त म्हणाला, "बरं, बोडिलबाई," आणि थोड्या वेळाने पुन्हा, "बरं." रिसीव्हर टांगताना तिला वाटलं, लोकांना आपल्याकडे द्यायला जे एक काम होतं ते आता नाही. लोक आता चहा-कॉफीला बोलावतील आणि कीव करतील.

परतीची बोट चारची होती. विगोने जुनी गाडी काढली आणि तिला धक्क्यावर नेलं. सव्वीस वर्षांचं बोलणं शिल्लक असताना कुठून धरावं हे दोघांनाही कळत नव्हतं, आणि बोडिलच्या मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती: सव्वीस हिवाळे हा माणूस त्या टेबलाशी एकटा बसला, मी माझ्या टेबलाशी एकटी बसले, आणि मध्ये पाणी किती, तर दीड तासाचं. तिला वाटलं गाडी चालतच राहावी. बेट लहान आहे, कुठे चालत राहणार.

धक्क्यावर वारा होता. बोटीत आधी मासळीचे दोन ट्रक चढवत होते. विगो टोपी हातात घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"मग या नोव्हेंबरात काय पाठवू?" त्याने विचारलं.

"काही पाठवू नका. मला आता काय दिसणार त्यातलं?"

"बरं," तो म्हणाला.

बोडिलला त्याचं हे 'बरं' चांगलं ओळखीचं होतं. जे सांगितलं ते जसंच्या तसं घेऊन हा माणूस घरी जाणार आणि आयुष्यभर पाळणार. आता मी गप्प राहिले तर संपलं, हे तिला कळलं.

"पेटी नको म्हटलं मी. तुम्ही येऊ नका असं नाही म्हटलं."

विगोने टोपी गोल फिरवली, एकदा, दोनदा. "शनिवारी सकाळची बोट असते," तो म्हणाला. "कधी येऊ? म्हणजे, काय घेऊन येऊ?"

"काहीही आणू नका. रिकाम्या हातांनी या."

त्याने मान हलवली. बोडिलने त्याच्याकडे पाहिलं. समोर पाहिलं तसा तो नाहीसा झाला, कोट होता, हात होते, मध्ये करडा डाग. मग तिने मान फिरवली आणि त्याच्या खांद्यापलीकडे, धक्क्याच्या टोकाला असलेल्या लाल दिव्याच्या खांबावर नजर ठेवली.

विगोने वळून खांबाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. तो जरा खट्टू झाला. "काय बघताय तिकडे?"

"तुमच्याकडे बघतेय. सरळ बघितलं की तुम्ही दिसत नाही. बाजूला बघितलं की थोडे दिसता. हलू नका."

आणि तो हलला नाही. ट्रक चढले, शिटी झाली, खलाशाने बाईंना दोनदा हाक मारली. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं तरी विगोने ते पुसायला हात वर केला नाही. तिला आपल्याकडे नीट बघता यावं म्हणून तो मान वर करून तसाच उभा राहिला.